आधी चेंडू कुठे आहे ते सांगा

प्रिय बाबा,

हे पत्र फोननं पुढे वाचण्याआधी कानात इयरफोन घाला आणि गॅलरीचं दार लोटून घ्या. आई विचारेलच, “काय म्हणतेय लेक?” तिला सांगा, मजेत आहे म्हणतेय. ते खोटंही नाही. मी इतकी मजेत आहे की सकाळपासून ऑफिसात दोनदा खुर्चीवरून उठून उगीचच येरझाऱ्या घालून आले. तुमच्या फोनमधल्या बाईला उत्साह हा प्रकार ठाऊक नाही, ती लग्नाची बातमी आणि विजेचं बिल एकाच सुरात वाचते. तेव्हा ती जिथे सपाट आवाजात वाचेल, तिथे मी हातवारे करतेय असं धरून चाला. आणि मधेच बंद करू नका. पत्र लांबलचक आहे, पण शेवटपर्यंत ऐकलंत तरच उपयोग.

स्टेडियमच्या ऑफिसात लिहायचं काम मिळालं असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही “हं” म्हणालात. काय लिहायचं ते तुम्ही विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. आज सांगते. आमचं ऑफिस पूर्वेकडच्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली आहे. छत तिरकं, त्यामुळे माझ्या टेबलाशी उंच माणूस आला की आपोआप नम्र होतो. सामना असला की डोक्यावर हजारो पाय नाचतात आणि चहाच्या कपात लाटा उठतात. मी स्टेडियमच्या वेबसाइटचा मजकूर लिहिते. सामना कधी, तिकीट कसं काढायचं, कुठल्या दारानं आत यायचं, कोण खेळाडू जखमी आहे. आमच्या वरिष्ठ, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांचं मत असं होतं की वेबसाइट दिसायला देखणी असली की झालं. माझंही फार वेगळं नव्हतं. आम्ही फोटो लावत होतो, रंग बदलत होतो आणि स्वतःवर खूश होतो.

मग एके दिवशी वकीलबाई आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हातात पांढरी काठी, खांद्याला लॅपटॉपची पिशवी आणि आवाज असा की शिपायानं न विचारताच दार उघडलं. जन्मापासून दिसत नाही. कोर्टात वकिली करतात आणि फुटबॉलच्या इतक्या वेड्या आहेत की सामन्याच्या दिवशी अशील भेटायला आला तर त्याला मध्यंतराची वेळ देतात. त्यांनी आमच्या वेबसाइटबद्दल तक्रार केली होती आणि मोठ्या बाईंनी “या, चहा घेऊ, बोलू” म्हणून बोलावलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, “चहा घेईन, पण माझं तिकीट मी स्वतः काढल्यावर.” लॅपटॉप उघडला. त्यात स्क्रीन रीडर, म्हणजे तुमच्या फोनमधल्या बाईचीच बहीण, पण वेग असा की लाह्या फुटाव्यात. आमच्यासाठी त्यांनी वेग कमी केला आणि तिकिटाचं पान उघडलं. यंत्र बोलू लागलं: “येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा.” वकीलबाई म्हणाल्या, “कुठे गं बाई? विहिरीत?” आम्ही हसलो. पुढे आसनांचा नकाशा होता, आमच्या अभिमानाचा. यंत्र म्हणालं, “चित्र. आयएमजी शून्य शून्य चार सात.” मग एक ओळ: “लाल रंगातल्या जागा उपलब्ध आहेत.” नंतर कसाबसा एक अर्ज सापडला, त्या तो भरत बसल्या आणि शेवटच्या चौकटीपाशी यंत्रानं सांगितलं की वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा. तोवर आमचं हसणं कधीच थांबलं होतं. चहा थंडगार पडला. त्या उठल्या, काठी उघडली आणि एवढंच म्हणाल्या, “मैदानात शिरायला मला कुणी अडवत नाही. तुमच्या पानावर मात्र प्रत्येक पायरीला एक भिंत आहे. आणि ती कुणीतरी बसून लिहिलेली आहे.”

ते “कुणीतरी” मी होते, बाबा. पण मला वाईट वाटण्यापेक्षा भलतंच काहीतरी झालं. मला हुरूप आला. भिंत लिहिता येते, तर दारही लिहिता येईल ना! मी मोठ्या बाईंना म्हटलं, मला सगळी पानं नव्यानं लिहू द्या. त्यांनी परवानगी दिली आणि सोबतीला दिला मौनीबाबा. हा आमचा संगणकवाला. दिवसभरात चार शब्द बोलतो, त्यातले दोन “बघतो” असतात. मी “येथे क्लिक करा” हद्दपार केलं. त्याजागी लिहिलं, “शनिवारच्या सामन्याचं तिकीट काढा”, “व्हीलचेअरसाठी राखीव जागा पाहा”. प्रत्येक पानाला नीट मथळे दिले, म्हणजे ऐकणाऱ्याला सगळं पान चाळत न बसता हव्या त्या भागावर उडी मारता येते. मुख्य दाराचा चकचकीत फोटो होता, त्याच्याखाली लिहिलं, “बसथांब्यावर उतरल्यावर उजवीकडे वळा. पायऱ्या नाहीत, उतार आहे. कठडा डाव्या हाताला आहे. उताराच्या टोकाला तिकीट तपासणारा उभा असतो.” गंमत म्हणजे हे वाचून सर्वांत आधी कोणाचे आभार आले असतील, तर मुलाला बाबागाडीतून आणणाऱ्या एका आईचे.

फोटोंनी मात्र माझी परीक्षा पाहिली. प्रत्येक फोटोमागे न दिसणारं वर्णन लिहायचं असतं, स्क्रीन रीडर तेच वाचतो. मी आधी लिहिलं, “खेळाडूचा फोटो.” वकीलबाई, ज्या आता दर आठवड्याला पानं तपासायला येऊ लागल्या होत्या, म्हणाल्या, “वा! म्हणजे म्हशीचा नाही, एवढं कळलं.” मग मी पेटले आणि एका गोलच्या फोटोचं परिच्छेदभर वर्णन केलं. आभाळ, ढग, जाहिरातीचे फलक, गवताचा हिरवा रंग. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ढगांचं काय लोणचं घालू? चेंडू जाळ्यात आहे का बाहेर?”

आणि त्या क्षणी, बाबा, मला आपली जुनी गॅलरी दिसली. तुम्ही रेडिओवर समालोचन करायचात त्या दिवसांतली. सामना नसला की तुम्ही गॅलरीत उभं राहून रस्त्याचं समालोचन करत सराव करायचात आणि मी तुमच्याकडे पाठ करून फरशीवर खडू घेऊन बसलेली असायचे. दूधवाला कुठून आला, सायकल कुठे वळली, कुत्रं कोणाच्या मागे लागलं, तुम्ही सांगायचं आणि मी काढायचं. चित्र चुकलं तर चूक तुमची, असा आपला करार होता. मी चुकलेलं चित्र दाखवून कर्कश ओरडायचे, म्हणून तर मला “शिट्टी” हे नाव पडलं. एकदा मी ट्रक झाडावर काढला होता, कारण तुम्ही झाडाचंच कौतुक करत बसला होतात आणि ट्रक कुठे आहे ते सांगायला विसरलात. तुम्ही पोट धरून हसलात आणि मग गंभीर होऊन म्हणालात, “आधी चेंडू कुठे आहे ते सांगायचं. मग कोणाकडे. मग काय झालं. विशेषणं मध्यंतरात.” मी हे वाक्य कागदावर लिहून मौनीबाबाच्या आणि माझ्या टेबलांच्या मधे चिकटवलं. त्यानं वाचलं आणि त्या दिवसाचे चारही शब्द एकदम खर्च केले: “हे कोणी लिहिलंय? भारी!”

त्यानंतरची कल्पना शिंपीदादांची. ते आमच्या खेळाडूंच्या जर्सींवर नंबर शिवतात. जन्मतः ऐकू येत नाही. एकही सामना चुकवत नाहीत. ते नंबरांचा गठ्ठा द्यायला आले होते, तेव्हा मी त्यांना नवी वेबसाइट दाखवली. त्यांनी फोनवर टाइप करून मला दाखवलं, “छान. पण मैदानात बसल्यावर माझी अडचण वेगळी. शिट्टी वाजते, खेळ थांबतो, सगळे ओरडतात. का, ते मला शेजारी सांगतो, तेही त्याला आठवण झाली तर.” मी मौनीबाबाकडे पाहिलं, मौनीबाबानं माझ्याकडे. सामना चालू असताना त्याचं लेखी समालोचन एका पानावर टाकत राहिलं तर? शिंपीदादा ते वाचतील. तेच पान वकीलबाईंचा स्क्रीन रीडर त्यांच्या कानात बोलेल. एकच मजकूर, एकाला डोळ्यांनी, एकीला कानांनी! मोठ्या बाई म्हणाल्या, करून बघा, पण बोभाटा करू नका, फसलं तर आपलं हसं व्हायला नको.

पहिल्या चाचणीत हसंच झालं. सरावाचा सामना होता, मी सुसाट टाइप करत सुटले. नवं वाक्य आलं की यंत्र जुनं अर्ध्यावर टाकून पुढचं वाचायला घ्यायचं. वकीलबाईंच्या कानात काय पडत होतं? “सात नंबरनं चेंडू— डाव्या बगलेनं— गोलरक्षक पुढे ये—” त्यांनी इयरफोन काढला आणि विचारलं, “त्या गोलरक्षकाचं पुढे काय झालं? का त्यानं संन्यास घेतला?” मौनीबाबा म्हणाला, “बघतो.” आणि त्यानं खरंच बघितलं. आता यंत्र हातातलं वाक्य पुरं करूनच पुढचं घेतं. फक्त गोल, पेनल्टी किंवा लाल कार्ड असेल तर मधे घुसायची मुभा. पण खरी दुरुस्ती माझी होती. मला कमी लिहायला शिकायचं होतं. दहा गोष्टी दिसत असताना एकच निवडायची आणि बाकीच्या नऊ सोडून द्यायच्या. डोळ्यांवर हात ठेवून बसावं तसं अवघड वाटायचं सुरुवातीला.

आणि परवाचा शनिवार! उपांत्य सामना, मैदान खच्चून भरलेलं, नव्या पानाचा पहिला जाहीर प्रयोग. मला पत्रकारांच्या कक्षात कोपऱ्यातली खुर्ची मिळाली होती. समोर काच, खाली मैदान आणि मांडीवर लॅपटॉप. समोरच्या प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत वकीलबाई, एका कानात इयरफोन, दुसरा कान गर्दीसाठी मोकळा. शेजारी शिंपीदादा, हातात फोन. पूर्वार्धात माझी गाळण उडाली. चेंडू एका टोकाला आणि माझं वाक्य दुसऱ्या. घाबरून मी वाऱ्याबद्दल लिहिलं, गर्दीच्या उत्साहाबद्दल लिहिलं. मध्यंतरात वकीलबाईंचा निरोप आला: “तू सामना बघतेयस का हवामान?” मी पाणी प्यायले, डोळे मिटले आणि लॅपटॉपसमोर नाही, तर त्या फरशीवर पाठ करून बसलेल्या मुलीच्या मागे उभी आहे असं मनाशी धरलं. उत्तरार्ध सुरू झाला आणि, बाबा, काय सांगू! हात चालायला लागले. “चेंडू उजव्या कोपऱ्यात. अकरा नंबर. उंच पास. डोक्यानं मारला. बारवरून बाहेर.” एक वाक्य, एक हालचाल. थोड्या वेळानं आपल्याकडून चेंडू जाळ्यात गेला, सगळं स्टेडियम उभं राहून नाचायला लागलं, पण रेषेवरच्या पंचाचा झेंडा वर होता. मी लिहिलं, “झेंडा वर. ऑफसाइड. गोल नाही.” आणि काचेतून काय पाहते, तर शिंपीदादा एकटे उभे राहून आजूबाजूच्यांचे सदरे ओढून त्यांना खाली बसवतायत! आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या रांगेत सर्वांत आधी कळलं होतं. चेहऱ्यावर इतका आनंद की गोल रद्द झाल्याचं दुःख त्या रांगेला करताच येईना.

सामना संपत आला तरी बरोबरी होती आणि आपल्याला पेनल्टी मिळाली. मी लिहिलं, “पेनल्टी आपल्याला. सात नंबर मारणार. चेंडू ठेवला. मागे गेला. उभा आहे.” आणि मी हात उचलून घेतले. काहीच लिहिलं नाही. तुम्ही थांबायचात ना तसं, फक्त गर्दीचा श्वास ऐकू यावा म्हणून. शेजारचा पत्रकार माझ्याकडे बघायला लागला, याहून जास्त मला काही आठवत नाही. मग लिहिलं, “धावला. गोल. डाव्या कोपऱ्यात, खाली.” कानठळ्या बसल्या, काच हादरली. समोर वकीलबाईंच्या पुढे एक धिप्पाड माणूस उठून उभा राहिला होता, त्यामुळे त्यांच्या मागच्या म्हाताऱ्याला काही दिसलंच नाही. त्यानं वकीलबाईंच्या खांद्यावर थाप मारून विचारलं, “कुठून गेला हो चेंडू?” आणि वकीलबाईंनी त्याला सांगितलं! हे त्यांनी मला नंतर अगदी साभिनय ऐकवलं. म्हणाल्या, जन्मभर मी विचारत आले, काय झालं, काय झालं. आज कुणीतरी मला विचारलं.

सामन्यानंतर त्या आमच्या तिरक्या छताच्या ऑफिसात आल्या. मला वाटलं शाबासकी देतील. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “पेनल्टीआधी थांबलीस. ती रीत तुझी नाही. कुणाची?” मी काही बोलायच्या आत त्याच सांगू लागल्या. लहानपणी त्या अंध मुलींच्या वसतिगृहात होत्या. तिथल्या बाईंच्या खोलीत रेडिओ होता, सामना असला की मुली पलंगावर चादर ताणून त्यावर शर्टाची बटणं मांडायच्या. मोठी बटणं यजमानांची, छोटी पाहुण्यांची. रेडिओवरचा माणूस सांगेल तशी बटणं सरकवायच्या. म्हणाल्या, “दुसरे समालोचक लागले की आमची बटणं हरवायची. तो एकच माणूस असा होता की सामना संपला तरी प्रत्येक बटण जिथल्या तिथे असायचं. मी फुटबॉल त्याच्या आवाजात बघितला.” आणि त्यांनी तुमची नक्कल केली, बाबा. “नमस्कार, श्रोतेहो, तुमच्या डाव्या हाताला यजमान.” आवाजाचा तोच चढ, “यजमान”वर तोच जोर. मी म्हटलं, ते माझे बाबा आहेत. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. मग हळूच म्हणाल्या, “अजून सांगतात ते?” मी म्हटलं, “नाही. काचबिंदूनं नजर गेली त्यांची.” त्या म्हणाल्या, “बरं, मग? मला कधी होती?”

नजर गेल्यावर तुम्ही रेडिओ माळ्यावर टाकायला लावलात. मी जेवताना ताटात कुठे काय वाढलंय ते सांगायला लागले, तर तुम्ही “पुरे” म्हणालात, आणि मला वाटलं, ज्यानं जन्मभर जगाला सांगितलं त्याला कुणी सांगितलेलं कसं रुचणार. म्हणून मी गप्प झाले. फोनवर आपण तब्येत आणि पाऊसपाणी बोलतो आणि ठेवून देतो. हे काम मी तुमच्यापासून लपवलं नव्हतं, फक्त फुटबॉल हा शब्द तुमच्यापुढे काढायचा धीर होत नव्हता. तुम्हाला काय वाटतं ते मला कळतं, असा दावा मी करणार नाही, कारण कळत नाही. पण आईनं माझ्यापाशी एक बातमी फोडली आहे. खालच्या अंगणात पोरं खेळायला लागली की तुम्ही गॅलरीत खुर्ची कडेला सरकवून बसता आणि चेंडूच्या आवाजावरून पुटपुटता, “अरे, उजवीकडे मोकळा आहे, उजवीकडे!” आईवर रागावू नका. हे सांगताना ती रडत नव्हती, हसत होती, आणि असं हसताना मी तिला फार दिवसांनी ऐकलं.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. शनिवारनंतर बाकीच्या स्टेडियमवाल्यांनीही असं पान मागितलं आहे. त्यांची लिहिणारी माणसं पुढच्या महिन्यात आमच्याकडे शिकायला येतायत, आणि मोठ्या बाईंनी बैठकीत विचारलं की यांना शिकवणार कोण. त्यांना असा माणूस हवा, जो नुसतं ऐकून सांगू शकेल की चेंडू नेमका कोणत्या वाक्यापाशी हरवला. वकीलबाईंनी तुमचं नाव घेतलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी तुम्हाला न विचारता, एका क्षणाचाही विचार न करता म्हणाले, “येतील.” झालं ते असं झालं. शब्द मागे घ्यायला मी काही गेले नाही आणि जाणारही नाही. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर तो हक्क तुमचा, पण ते मला सांगून भागणार नाही. वकीलबाईंना सांगावं लागेल. तुमचा नंबर मी त्यांना दिला आहे. बैठक संपल्यापासून त्या शाळकरी पोरीसारख्या घाबरल्या आहेत, तुमच्याशी पहिलं वाक्य काय बोलायचं ते घोकतायत. उद्या सकाळी चहाच्या सुमारास तुम्हाला अनोळखी नंबरवरून फोन येईल. उचला, बाबा.

तुमचीच,
शिट्टी